जुन्या गाडीचं कूलंट अचानक गळायला लागलं, तर गळती नेमकी कुठे आहे हे कसं शोधायचं?

गाडी पंधरा वर्षांची, कालपर्यंत ठीक होती, आज सकाळी खाली हिरवं डबकं आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली रिकामी. अशीच चालवत गॅरेजला नेऊ का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नेऊ नका. कूलंटची पातळी तापमानाच्या सेन्सरच्या खाली गेली की सेन्सर कोरडा पडतो, आणि मग तापमानाचा काटा वर चढायच्या ऐवजी खाली येऊ शकतो. तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे आणि तिकडे इंजिनचं हेड (सिलिंडरवरचा झाकणासारखा भाग) वाकतं. एका होजपाईपवर भागणारं काम हेड उतरवण्यावर जातं.

इंजिन पूर्ण गार होईपर्यंत रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या बाटलीच्या कॅपला हात लावू नका. बंद सिस्टीममध्ये जवळपास १ बार दाब असतो, म्हणून आतलं कूलंट १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. कॅप फिरवली की दाब सुटतो आणि तेच कूलंट क्षणात उकळून तोंडावर येतं. वरचा जाड होज हाताला गार आणि मऊ लागला, की मगच उघडा.

आधी खाली सांडलंय ते कूलंटच आहे ना, हे पाहा. एसीचं पाणी स्वच्छ असतं आणि त्याला वास नसतो. कूलंट बोटांत चोळल्यावर बुळबुळीत लागतं, वास गोडसर येतो. ते डबकं लगेच धुऊन टाका. कुत्री-मांजरं गोड चवीमुळे चाटतात आणि थोडंसं पोटात गेलं तरी दगावतात.

आता तपासापुरतं साधं पाणी खुणेपर्यंत भरा. ओतता ओतताच खाली धार लागली, तर मोठी गळती आहे: बहुधा खालचा होज फाटलाय किंवा इंजिन ब्लॉकचा कोअर प्लग (ब्लॉकचं भोक बंद करणारी धातूची चकती) गंजून गेलाय. धार लागली नाही, तर कॅपच्या जागी प्रेशर टेस्टर (दाबाचा काटा असलेला हातपंप) लावा. त्याने कॅपवर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्या (बऱ्याच गाड्यांत ०.९ ते १.१ बार), त्याच्या वर नाही, नाहीतर चांगला जोडही उखडेल. मग पंधरा मिनिटं थांबा, आणि टॉर्च व छोटा आरसा घेऊन बघा.

थेंब जिथे पडतो तिथे गळती असेलच असं नाही. द्रव ओघळत खाली येतो, पंख्याचा वारा त्याला मागे उडवतो. म्हणून ओला भाग वर वर शोधत जा आणि सगळ्यात वरची ओली जागा पकडा. वाळलेल्या कूलंटचा पांढरट-हिरवा किंवा गुलाबी थर दिसला तर तो पुसायच्या आधी नीट बघा. अचानक वाटणारी गळती बहुतेक वेळा आधीपासून झिरपत असते आणि तो थर तिचा माग दाखवतो.

जुन्या गाडीत माझा पहिला संशय रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्यांवर असतो. ॲल्युमिनियमला त्या जिथे दाबून बसवलेल्या असतात, तिथलं रबर कडक होतं. मग होजची टोकं, हीटरचे बारीक होज, थर्मोस्टॅटचं (कूलंटचा प्रवाह उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या झडपेचं) हाउसिंग. तुमचं डबकं रात्रभर उभ्या गाडीखाली सापडलंय, म्हणून होजच्या क्लिपा आवर्जून तपासा. गार झाल्यावर रबर आणि धातू आकसतात, जोड पाझरतो आणि गरम झाल्यावर पुन्हा बंद होतो.

वॉटर पंपाकडे जरा जास्त वेळ द्या. त्याच्या अंगाला खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. सील गेलं की कूलंट बेअरिंगकडे न जाता तिथून बाहेर पडावं, यासाठीच ते ठेवलेलं असतं. तिथून थेंब येत असेल तर पंप बदला, भोक बुजवू नका. इंजिन बंद असताना पुली हाताने हलवून बघा. खेळ जाणवला तर बेअरिंगही गेलंय. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल, तर बेल्टही सोबतच बदला.

टेस्टरचा काटा खाली येतोय पण बाहेर कुठे थेंबही नाही, तर गळती आत आहे. डॅशबोर्डखालचं कार्पेट चिकट-ओलं आणि काचेवर तेलकट वाफ असेल, तर हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर). ते नसेल तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील). पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग काढा. एखादा इतरांपेक्षा चकचकीत निघाला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. इंजिनमधला जळलेला वायू कूलंटमध्ये येतोय का हे पाहायला कॅपच्या जागी निळ्या द्रवाची गॅस टेस्ट करून घ्या, द्रव पिवळा पडला तर शंका उरत नाही. ऑइलच्या झाकणावरचा दुधी थर एकटा पुरावा नाही, कमी अंतराच्या फेऱ्यांनीही तो साठतो. पण डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल, तर इंजिन चालू करू नका, बेअरिंग खराब होतील.

दाब टिकला, तर कॅप टेस्टरवर तपासा. तिची स्प्रिंग ढिली झाली की गरम कूलंट ओव्हरफ्लोच्या नळीतून निघून जातं. गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव मात्र टाकू नका, हीटर कोअरच्या बारीक नळ्या त्याने तुंबतात.

दुरुस्तीनंतर तपासाचं पाणी काढून टाका. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं भरा. तयार मिश्रण असेल तर पाणी मिसळू नका. हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा आणि दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर पातळी पुन्हा बघा.