वेढे वाढवले नाहीत

लेका,

तुझा पिकअप, गिटारच्या तारांची थरथर पकडणारी ती चुंबकावरची गुंडाळी, गुंडाळून झाला. तुझ्या गिटारच्या पिशवीत पुढच्या कप्प्यात ठेवलाय, त्याच्यासोबतच हे पत्र. परवा तू दुकानात आलास तेव्हा समोर दोन सबमर्सिबल मोटारी उघडून पडल्या होत्या आणि कवठेपिरानचा एक शेतकरी डोक्याशी उभा होता, म्हणून नुसतं 'बघतो' म्हणालो. पण तुझं वाक्य डोक्यातून जाईना. 'काका, जरा जास्त वेढे मारा. मला रिदमला टाकलंय, निदान मोठ्यानं ऐकू तरी येऊ दे.'

वेढे वाढवले नाहीत. आधी होते तेवढेच, आठेक हजार. केसाएवढी तार, आणि माझी बोटं मोटारीच्या वाइंडिंगला सरावलेली, दोनदा तुटली. वेढे वाढवले की आवाज मोठा होतो हे खरं, पण वरची धार जाते. सगळं जाड आणि घोगरं होतं. मग तू मोठ्यानं वाजवशील, पण काय वाजवतोयस ते कुणाला कळणार नाही. पुढं येऊन एकट्यानं सूर काढणाऱ्या सोलोवाल्याचं तसं खपून जातं. मागं कॉर्ड वाजवत ठेका धरणाऱ्या रिदमला धारच लागते.

आणि 'टाकलंय' काय रे? अडगळीत टाकल्यासारखं बोलतोस.

'बॅक इन ब्लॅक' लाव. एसी/डीसी या बँडची १९८० सालची रेकॉर्ड. फेब्रुवारीत त्यांचा गायक बॉन स्कॉट वारला आणि जुलैअखेर ही बाजारात होती. इअरफोन घाल आणि एक कान मोकळा कर. मग दुसरा. एका बाजूला अँगस यंग, दुसऱ्या बाजूला त्याचा थोरला भाऊ माल्कम. कोण कुठल्या कानात ते मी सांगणार नाही. दहा मिनिटांत ओळखता आलं नाही तर गिटार विकायला काढ, मीच घेतो. माल्कमचा कान सापडला की नीट ऐक, तो किती वेळा वाजवतच नाही. तळवा टेकवून तारा गप्प करतो. ठेका त्या गप्प जागेत असतो. तू ती जागा भरून टाकतोस, मी तुझं वाजवणं मोबाइलवर ऐकलंय.

शाळेच्या गणवेशात उड्या मारणारा अँगस सगळ्यांना ठाऊक. बँड उभा केला माल्कमनं, १९७३ साली. आणि स्टेजवर मात्र हा बाबा मागं अँपपाशी. कोरस आला की माइकपर्यंत यायचा, म्हणायचा, परत मागं. त्याच्या जुन्या ग्रेच गिटारमधले बाकीचे पिकअप काढलेले, ब्रिजजवळचा, खाली तारा टेकतात तिथला, तेवढा ठेवलेला. तू वेढे वाढवायला निघालास, त्यानं अख्खे पिकअप उपटले होते.

ठेका धर. हे मी पुन्हा म्हणणार आहे, कंटाळा आला तरी.

१९९६ला आमचा चौघांचा बँड होता. मार्केट यार्डात एकाच्या मामाचं हळदीचं गोदाम, तिथं सराव. पोत्यांनी आवाज असा पिऊन टाकलेला की ड्रमचा फटका कोरडा, ठक्क. घुमणं नाही, लपायला जागा नाही. चुकलं की चुकलेलं ऐकू येतं. घरी गेल्यावर बोटं पिवळी बघून आई विचारायची, भाजी कुणाकडं चिरलीस? मी रिदमला होतो, आणि तुझ्यासारखाच धुमसत होतो. एका कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला, माझी पाळी नसताना मी सोलो घेतला. ड्रमवाला एरवी गणपतीत ताशा वाजवायचा, पक्का गडी. त्यानं माझ्याकडं बघायचंच सोडलं. ठेका धरणारा मी, तोच हवेत. खाली काही उरलं नाही. गाणं कसंबसं संपलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाईट झालं ते तिथंच. शिट्या मारल्या असत्या तर मी सुधारलो असतो.

पुढं मी बँड सोडला. वडिलांना अर्धांगवायू झाला, दुकान बघायला कुणी नव्हतं, म्हणून सोडला, असं मी सगळ्यांना सांगत आलोय. बायकोलाही. खोटं नाही ते. फक्त वडील मार्चमध्ये आजारी पडले आणि बँड मी डिसेंबरातच सोडला होता.

नंतर बरीच वर्षं गिटार माळ्यावर. २०१९च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या घरात कृष्णा माळ्यापर्यंत आली, तेव्हा गिटार गाळातून बाहेर निघाली. मान वाकडी, पिकअप मेलेला. मी आयुष्यात गुंडाळलेला पहिला पिकअप तो. तेव्हापासून रोज रात्री दुकान बंद केल्यावर अर्धा तास वाजवतो. नुसता रिदम. सोलो एकही नाही. बायको म्हणते, तेच तेच काय लावलंय? तेच तर लावलंय.

मेटॅलिका बँडच्या जेम्स हेटफिल्डचा उजवा हात बघ. १९८६चं 'मास्टर ऑफ पपेट्स', मिनिटाला दोनशेच्या वर ठोके, आणि फटके वरून खाली, वरून खाली. तीन मिनिटं करून दाखव, मनगट भरून येईल. (१९८८च्या रेकॉर्डमध्ये त्यांनी बेस जवळजवळ ऐकूच येऊ दिला नाही. त्यावर माझा वेगळा राग आहे, भेटलास की बोलू.)

तू मिरजेचा. सतारमेकर गल्लीतून रोज कॉलेजला जातोस. तिथला तंबोरा कुठल्या मैफिलीत गायकाच्या पुढं बसलेला पाहिलास?

तुमचा लीडवाला, सोलो घेणारा, उद्धट आहे म्हणालास. असेल. त्याच्याशी भांड, खुशाल भांड, पण गिटार खांद्याला अडकवून भांड. सोलो लांबवायचा असेल तर आधी माझ्याकडं बघ, असं त्याला सांग. तुझ्याकडं बघितल्याशिवाय त्याला उतरता येऊ नये इतका ठेका धर. आणि हप्त्यावर नवी गिटार घ्यायचं डोक्यातून काढ. माझे ते हप्ते बँड मोडल्यावरही चौदा महिने चालू होते.

अजून एक, मग थांबतो. २००८नंतरच्या दौऱ्यात माल्कमला विसरायला व्हायला लागलं होतं. आयुष्यभर वाजवलेले, स्वतः रचलेले रिफ, गाण्यात फिरून फिरून येणारे ते तुकडे, तो कार्यक्रमाआधी बसून पुन्हा शिकायचा. २०१४ला थांबला, २०१७ला गेला. हे मला कळलं त्या दिवशी मोटर टेस्ट करता करता मी बोर्डाचं बटण बंद करून नुसता बसून राहिलो. आणि तू मला सांगतोस, चार कॉर्ड वाजवून कंटाळा येतो.

रविवारी दुपारी दुकान बंद असतं, मागच्या दारानं ये. भडंग मी आणतो, ठोके मोजून देणारा मेट्रोनोम तू आण. मोबाइलमधला चालेल.

तारेचे दोनशे रुपये दे, मजुरी नको. पिकअप लावताना पांढरी वायर स्विचला, काळी ग्राउंडला. उलटी जोडलीस तर मधल्या पिकअपबरोबर लावल्यावर आवाज नाकातून आल्यासारखा पातळ येईल, आणि मग म्हणशील काकांनी वेढे कमी मारले.

तुझा,
वाइंडिंगवाला काका