पडलेल्या अळ्या आणि सोडलेल्या अळ्या

मागच्या खेपेला मधुमेही पायांविषयी लिहिताना एका वाक्यात सांगून गेलो होतो, की काही देशांत जुनी जखम साफ करायला डॉक्टर मुद्दाम अळ्या सोडतात. बाकीचा लेख कुणी वाचला की नाही कोण जाणे, पत्रं सगळी त्या एका वाक्यावर आली. नौपाड्याच्या एका बाईंनी तर नाश्ता करताना वाचल्याबद्दल मला खडसावलं आहे. आजही विषय तोच आहे, तेव्हा पोह्यांची बशी आधी संपवा.

माझ्या वडिलांच्या टाचेला चार महिन्यांपासून जखम आहे. शुगर आहे, पाय बधिर आहेत. जखमेत पिवळट, चिकट थर साचतो, तो ड्रेसिंगला निघत नाही. इंग्लंडमधला भाचा म्हणतो, तिकडे यावर अळ्या लावतात. घरात हे सांगितल्यावर आई उठूनच गेली. खरंच असं करतात का? – एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

करतात. मी स्वतः पाहिलं ते ब्रिटनमध्ये, जखमांच्या एका विभागात काही महिने शिकत होतो तेव्हा. सकाळी कुरिअरने छोटा खोका यायचा. आत चहाच्या पुडीसारखी, बारीक जाळीची सीलबंद पिशवी आणि तिच्यात राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या अळ्या. सिस्टर जखमेच्या कडेच्या चांगल्या कातडीला आधी झिंकचं मलम लावायच्या, कारण अळ्यांचा स्राव कातडीवर ओघळला तर ती सोलवटते. मग पिशवी जखमेवर, वर सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज आणि सैलसर बँडेज. घट्ट नाही, कारण अळ्यांना हवा लागते आणि चिरडल्या तर सगळाच खटाटोप वाया. तीन-चार दिवसांनी पिशवी काढली की आत शिजलेल्या बासमतीच्या शितांसारख्या टम्म अळ्या असायच्या आणि खाली, जिथे तो तुमच्या वडिलांसारखा पिवळा थर होता तिथे, लालबुंद मांस. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किळस आली नाही असं म्हणणार नाही. दुसऱ्यांदा आली नाही.

ही अळी ल्युसिलिया सेरिकाटा नावाच्या हिरव्या, चकाकत्या माशीची. तिला चावून खाण्यासारखे दात नसतात. तोंडाशी दोन बारीक आकडे असतात, त्यांनी ती पृष्ठभाग खरवडते आणि स्राव सोडते. त्या स्रावातली पाचक द्रव्यं मेलेल्या मांसाचा रस करतात आणि अळी तो रस पिते. म्हणजे पचन पोटाबाहेर, जखमेतच होतं. रसाबरोबर जंतूही पोटात जातात आणि तिथे बरेचसे मरतात. शिवाय जंतू स्वतःभोवती जो चिकट पापुद्रा विणून बसतात, ज्याच्या आड अँटिबायोटिक पोचत नाही, तोही हा स्राव विस्कटतो. आपण कात्रीने मेलेलं मांस कापतो तेव्हा जिवंत आणि मेलेल्याची सीमा डोळ्यांनी ठरवतो, थोडं चांगलं मांस जातंच. अळीला ती सीमा आपल्यापेक्षा बरी कळते.

पण तुमच्या वडिलांबाबत मला अळ्यांपेक्षा वेगळेच प्रश्न पडले आहेत. ते टाच टेकून चालतात का? रात्री टाच गादीवर रुतलेली असते का? घोट्याजवळची नाडी कुणी बोटांनी तपासली आहे का? बधिर टाचेवर भार पडत राहिला तर जखम आज अळ्यांनी साफ करा, महिन्याभरात तोच थर पुन्हा दिसेल.

पावसाळ्यात आईच्या पायाच्या जखमेत किडे पडले होते. आम्ही घाबरून डांबरगोळीची पूड टाकली, मग दवाखान्यात नेलं. तिथे टर्पेंटाइन लावून एकेक काढले, वीस-बावीस निघाले. तुमचं वाचून भाऊ म्हणतो, उगाच काढले, आपोआप जखम साफ झाली असती. – एक वाचक, दिवाळे कोळीवाडा, बेलापूर

भावाला सांगा, काढले तेच बरोबर होतं. हे उत्तर लांबवतो आहे, कारण या एका गैरसमजाने कुणाचा तरी पाय जाईल अशी मला भीती वाटते.

किडे पडणं आणि अळ्या सोडणं या दोन गोष्टींत फरक पहिला जातीचा. तुमच्याकडे बोंबील वाळत घातले की ज्या माश्या घोंघावतात, त्यांत अनेक जाती असतात. त्यांतली कोणती आईच्या पायावर बसली, तुम्हाला ठाऊक नाही. आपल्या देशात क्रायसोमिया बेझियाना नावाची एक माशी आहे. ती जखमेच्या कडेला शे-दीडशे अंडी घालते, दिवसाभरात अळ्या फुटतात आणि डोकं खाली करून जिवंत मांसात स्क्रूसारख्या घुसत जातात. गुरांच्या आणि भटक्या कुत्र्यांच्या जखमा तुम्ही पाहिल्या असतील, वरून रुपयाएवढं भोक आणि आत पोकळी. माणसातही नाक, कान, डोळ्याजवळ त्या शिरल्या तर जिवावर बेतू शकतं.

फरक दुसरा स्वच्छतेचा. औषधी अळ्यांची अंडी प्रयोगशाळेत निर्जंतुक करून घेतात. ही अक्कल अनुभवातून आली. विल्यम बेअर नावाचा अमेरिकन सर्जन पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये होता. १९१७ मध्ये त्याच्याकडे दोन सैनिक आले. मांडीचं हाड मोडून बाहेर आलेलं, पोटावर मोठ्या जखमा, सात दिवस रणांगणावर बेवारस पडलेले. ताप नव्हता. कपडे काढले तर जखमा अळ्यांनी बुजबुजलेल्या, आणि त्या धुतल्यावर खाली निरोगी गुलाबी मांस. बेअरने हे डोक्यात ठेवलं आणि दहा-बारा वर्षांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हाडात पू झालेल्या २१ रुग्णांवर अळ्या लावून पाहिल्या. गुण आला, पण टेटॅनससारखे संसर्गही झाले. तेव्हा अंडी निर्जंतुक करायची पद्धत निघाली. तुमच्या आईच्या पायावरची माशी त्याआधी कुठे बसून आली होती, याचा विचार करा.

आणि खरं सांगायचं तर ती औषधी हिरवी माशीही काही संत नव्हे. ब्रिटनमधले मेंढपाळ तिच्या नावाने बोटं मोडतात, कारण ओल्या, घाणेरड्या लोकरीत ती अंडी घालते आणि अळ्या जिवंत मेंढीची कातडी खातात. म्हणून ठरावीक वाण, मोजून संख्या, म्हणजे जखमेच्या दर चौरस सेंटिमीटरला पाच ते दहा अळ्या, आणि ठरलेल्या दिवशी काढणं, हे सगळं पाळलं तरच ते औषध.

डांबरगोळी, फिनाइल, रॉकेल यांतलं काहीही पुन्हा टाकू नका. टर्पेंटाइनही डॉक्टर किंवा सिस्टरनेच बोळ्याने लावायचं. त्याच्या वासाने गुदमरून अळ्या वर येतात आणि चिमट्यात सापडतात, पण ते जखमेत ओतलं तर चांगलं मांसही भाजतं. आईला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं होतं का, तो कागद शोधून बघा. आणि एक विचारतो, रागावू नका: वीस-बावीस किडे होईपर्यंत ते ड्रेसिंग किती दिवस उघडलं नव्हतं?

दुखतं का? अळ्या अंगात शिरतील का? जखमेतच माश्या झाल्या तर? – एक वाचक, ऐरोली

बऱ्याच जणांना वळवळल्यासारखं वाटतं. ज्यांच्या पायाची संवेदना शाबूत आहे त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, अळ्या मोठ्या झाल्यावर, दुखू शकतं. मग वेदनाशामक देतात, नाहीच सोसलं तर पिशवी काढतात. शरीरात वस्ती करून त्या वाढत नाहीत. अंडी फक्त माशी घालते आणि अळी ही माशीचं पोर आहे, तिला पोरं होत नाहीत. माशी होण्यासाठी अळीला जखम सोडून कोरड्या जागी कोशात जावं लागतं आणि त्यात काही दिवस जातात. त्याआधीच ती पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्यात गेलेली असते.

आमचं घर जैन आहे. त्या अळ्या शेवटी मारतातच ना? – एक वाचक, टेंभी नाका, ठाणे

हो. वापरलेल्या अळ्या जंतूंनी भरलेल्या असतात, त्या सोडून देता येत नाहीत, नष्टच कराव्या लागतात. याला पळवाट नाही आणि मी सुचवणारही नाही. हा निर्णय रुग्णाचा. नको असेल तर जखम साफ करायचे दुसरे मार्ग आहेत, ते पुढच्या उत्तरात.

हे उपचार नवी मुंबईत कुठे मिळतील? – तीन-चार वाचक, घणसोली, नेरूळ, कोपरखैरणे

चिठ्ठी घेऊन केमिस्टकडे जावं आणि मिळावं, अशी ही वस्तू आपल्याकडे नाही. अमेरिकेत २००४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने औषधी अळ्यांना परवानगी दिली आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या चिठ्ठीवर त्या मिळू लागल्या. जिवंत माल आहे. पैदाशीची प्रयोगशाळा हवी, मागणी नोंदवल्यावर दिवसाभरात पोचायला हवा आणि पोचल्यावर लगेच वापरायला हवा. मी ठाण्यात इतकी वर्षं जखमाच बघतो आहे, इथे एकदाही अळ्या वापरलेल्या नाहीत. कुणी 'आम्ही घरी तयार करून देतो' म्हणालं तर वरचं दिवाळ्याचं उत्तर पुन्हा वाचा.

अळ्या जे काम करतात तेच सर्जन ब्लेडने करतो, बहुतेक वेळा ओपीडीत. थर मऊ करणारी जेल आहेत, पाचक द्रव्यांची मलमं आहेत, मोठ्या जखमेवर हवा खेचून घेणारं मशीन आहे. भूल सोसणार नाही अशा म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र मला अजूनही वाटतं, की ती पिशवी हाताशी असती तर बरं झालं असतं.

माझ्या पायाचं बोट काळं पडलं आहे. डॉक्टर कापायला सांगतात. अळ्यांनी बोट वाचेल का? – एक वाचक, तुर्भे

बोट कोरडं, काळं, सुरकुतलेलं असेल तर अळ्या त्याचं काहीच करू शकत नाहीत. त्यांना ओलावा लागतो. ओलं, सुजलेलं, दुर्गंधी येणारं असेल, ताप असेल, लाली वर चढत असेल, तर हा स्तंभ खाली ठेवा आणि आजच रुग्णालयात जा. पसरत्या संसर्गात अळ्यांची वाट पाहत बसायचं नसतं.

डॉक्टरांना एवढंच विचारा: पायाचा रक्तपुरवठा तपासला का? पायाचा डॉप्लर, म्हणजे रक्त कसं वाहतं ते बघणारी तपासणी, झाला का? मधुमेहात शिरांच्या भिंती चुन्यासारख्या कडक होतात, त्यामुळे घोट्यावर मोजलेला दाब कधी कधी फसवा चांगला येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजणं जास्त भरवशाचं. रक्तवाहिनी फुग्याने उघडता येण्यासारखी असेल तर ते आधी, कापणं नंतर. त्याने कापायचा तुकडा लहान होऊ शकतो. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर अळ्यांच्या देशातही डॉक्टर आधी दहादा विचार करतात, कारण रक्तस्राव.

अळ्यांकडून काय मिळतं आणि काय नाही, हे ब्रिटनमधल्या एका चाचणीत स्वच्छ दिसलं. पायावरच्या जुन्या जखमांचे २६७ रुग्ण होते, निष्कर्ष २००९ मध्ये आले. जखम साफ व्हायला मोकळ्या सोडलेल्या अळ्यांना साधारण १४ दिवस लागले, पिशवीतल्यांना २८, जेलला ७२. इथवर अळ्यांची सरशी. पण जखम भरून यायला लागलेल्या काळात फरक नाही, आणि अळ्यांवाल्यांना दुखलं जास्त. अळी झाडू मारते, भिंत बांधत नाही. भिंतीला रक्त लागतं, प्रथिनं लागतात, शुगर ताब्यात लागते.

मी आयुर्वेदाची विद्यार्थिनी आहे. सुश्रुतांनी कृमी वापरल्याचं आमचे सर सांगतात. हे ओढूनताणून नाही ना? – एक वाचक, नेरूळ

नाही, सर बरोबर आहेत. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, अठराव्या अध्यायात बघा. अर्बुदावर, म्हणजे गाठीवर, पावटे, पेंड आणि कुळीथ वाटून, त्यात भरपूर मांस आणि दह्याची निवळ घालून लेप द्यायला सांगितला आहे, माश्या येऊन तिथे कृमी व्हाव्यात म्हणून. कृमींनी खाऊन थोडंसं उरलं की ते खरवडून अग्निकर्म, म्हणजे डाग देणं. फक्त एक लक्षात ठेवा, हा उपाय गाठीचा आहे. व्रणावर माश्या बसून कृमी झाल्या तर तो उपद्रव, त्यावर सुरसादि गणाने, म्हणजे तुळशीच्या जातीच्या वनस्पतींनी, धुवायला सांगितलं आहे. सोडलेल्या आणि पडलेल्या, हा भेद तिथेही आहे.

बाबा अंथरुणावर आहेत. पाठीला शय्याव्रण आहे आणि खाली मासळीबाजार. माश्यांचं काय करू? – एक वाचक, चेंदणी कोळीवाडा, ठाणे

पलंगाला मच्छरदाणी, दिवसासुद्धा. माश्या दिवसाच अंडी घालतात. पंखा चालू ठेवा, वाऱ्यात माशी बसत नाही. ड्रेसिंगच्या वरून पाणी झिरपलेलं दिसलं की तारीख न बघता बदला. काढलेलं ड्रेसिंग लगेच पिशवीत गाठ मारून झाकणाच्या डब्यात, मोरीच्या कोपऱ्यात नको. दर दोन तासांनी कूस बदला आणि ज्या बाजूला निजवलंत त्याची वेळ भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा, म्हणजे रात्री पाळी कुणाची यावरून वाद होणार नाही.