जमीन वाढली, मग तुवालूचे लोक का निघाले?

प्रश्न : ताई, मी शाळेत भूगोल शिकवते. प्रशांत महासागरातला तुवालू हा छोट्या बेटांचा देश बुडतोय, असं वर्गात सांगितलं, तर एक मुलगा म्हणाला, 'पण तिथली जमीन वाढलीय असं मी वाचलं. मग लोक ऑस्ट्रेलियाला का चाललेत?' त्याला काय सांगू?
– एक शिक्षिका, गुहागर

उत्तर : त्याने वाचलंय ते खरं आहे, आणि त्याला शाबासकी द्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तुवालूच्या १०१ बेटांची १९७१ ते २०१४ मधली छायाचित्रं ताडून पाहिली, तेव्हा एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढलेली निघाली. समुद्र चढत असतानाही! ही बेटं प्रवाळाच्या चुऱ्याची. लाटा एकीकडची वाळू खरवडतात, दुसरीकडे नेऊन टाकतात. काही बेटं झिजली, बरीच वाढली.

पण मी भूजलाचं काम करणारी. मला बेटाच्या कडेपेक्षा त्याच्या पोटातल्या पाण्याची काळजी जास्त वाटते. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं. ढोबळ हिशेब असा, की गोडं पाणी समुद्रपातळीच्या एक फूट वर असेल तर पातळीखाली सुमारे ४० फूट असतं. म्हणजे वरून अर्धा फूट उतरलं की खालचं खारं पाणी हळूहळू २० फूट वर सरकतं. आपल्या किनाऱ्यावर पंप जोरात चालले की मे महिन्यात विहीर मचूळ होते, ती याच हिशेबाने.

तुवालूत पुलाका नावाचा कंद लावतात, आपल्या अळूच्या कुळातला. त्यासाठी गोडं पाणी लागेपर्यंत मोठा खड्डा खणायचा, तळाशी रोप लावायचं आणि बुंध्याशी पालापाचोळा कुजवत राहायचं. पिढ्यान्‌पिढ्या राखलेले खड्डे असतात हे. मार्च २०१५ मध्ये पाम चक्रीवादळाच्या लाटा नुई बेटावर शिरल्या आणि या खड्ड्यांत खारं पाणी भरलं. जमीन जागेवरच होती, पीक गेलं. असं मुरलेलं मीठ पावसाने धुऊन निघायला महिने लागतात, कधी वर्षं.

राजधानी फुनाफुतीत पिण्याच्या पाण्याची मुख्य भिस्त छपरावरून टाकीत उतरवलेल्या पावसावर. २०११ मध्ये ला निनामुळे, म्हणजे प्रशांत महासागराच्या मध्य-पूर्व भागातलं पाणी नेहमीपेक्षा थंड झाल्यामुळे, पाऊस रुसला, टाक्या आटल्या, सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. खारं पाणी गोडं करणारी यंत्रं बाहेरच्या देशांतून आणावी लागली.

२०२३ च्या अखेरीस फुनाफुतीत सात हेक्टरांहून जास्त भराव घालून उंच जमीन तयार झाली. मला ते काम मनापासून आवडतं. लाट अडेल, घरांना जागा मिळेल. पण भरावाबरोबर गोडी विहीर येत नाही. टाक्या वाढवाव्याच लागतील.

ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २०२४ मध्ये लागू झाला. त्यात वर्षाला २८० जणांना तिथे राहायची मुभा आहे, आणि समुद्र चढला तरी तुवालू हे राष्ट्र म्हणून कायम राहील, अशी मान्यताही आहे. लोकसंख्या जेमतेम ११ हजारांच्या आसपास. जाणारा प्रत्येक जण जीव मुठीत धरून पळतोय असं मुलांना सांगू नका. शिक्षण आणि नोकरी हीही कारणं आहेत, आणि परत येण्याची वाट मोकळी आहे.

वर्गात एक करून दाखवा. काचेच्या भांड्यात वाळूचा ढीग करा, कडेने मिठाचं पाणी भरा आणि माथ्यावर रंगीत गोडं पाणी थेंबथेंब सोडा. रंग कुठे थांबतो ते मुलांना पाहू द्या. मग माथ्यातून पिचकारीने पाणी ओढा आणि त्याच मुलाला विचारा, ढीग तेवढाच असताना रंगाची खालची कड वर का सरकली?