रे रेगन्स यांचं टीम आणि नेटवर्कवरचं संशोधन काय सांगतं? १२ जणांच्या टीमला त्याचा उपयोग कसा करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेगवेगळ्या विभागांतली अनुभवी माणसं वेचून १२ जणांची टीम केली, तरी प्रोजेक्ट लांबतोच आहे. एमआयटी स्लोन या अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलचे प्राध्यापक रे रेगन्स यांच्या अभ्यासातून घोडं कुठे पेंड खातंय ते कळेल का? बऱ्यापैकी कळेल.

आधी वाचावा २००४चा पेपर, एझ्रा झुकरमन आणि बिल मॅकएव्हिली यांच्यासोबतचा. कंत्राटावर संशोधन करून देणाऱ्या एका कंपनीतल्या १,५१८ प्रोजेक्ट टीम त्यांनी तपासल्या. टीम निवडताना माणसांची पार्श्वभूमी किती वेगवेगळी आहे ते बघावं, की त्यांचे आपसांत आणि बाहेर कामाचे संबंध कसे आहेत ते? निघालं असं की मिश्र टीममध्ये आपसांतले संबंध विरळ होतात, पण बाहेरची पोच वाढते. पहिल्याने काम रेंगाळतं, दुसऱ्याने वेगात होतं, आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून नुसत्या वैविध्याचा परिणाम आकड्यांत दिसतच नाही. आतली वीण घट्ट आणि बाहेरची पोच रुंद असलेल्या टीमचे प्रोजेक्ट लवकर संपले. तुम्ही बाहेरची पोच मिळवली आहे, आतली वीण जमलेली नाही, असा माझा अंदाज.

२००५चा पेपर तुमच्या ‘अनुभवी’ या शब्दाबद्दल आहे. एका रुग्णालयातल्या सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियांना किती वेळ लागतो ते त्यात पाहिलं. त्याच माणसांनी एकत्र काम केलेलं असेल तर वेळ कमी लागतो. एकेकट्याचा अनुभव मात्र सुरुवातीला वेळ वाढवतो आणि बराच साठल्यावरच कमी करतो. नवी टीम, मग त्यात सगळे मुरलेले का असेनात, एकमेकांसाठी नवीच असते.

आता मोजायचं कसं. ‘तुम्ही कोणाशी बोलता?’ असं मोघम विचारू नका. माणसं आठवतील तेवढीच नावं देतात. ११ सहकाऱ्यांची छापील यादी द्या आणि प्रत्येकासमोर विचारा: गेल्या महिन्यात कामाची अडचण घेऊन याच्याकडे किती वेळा गेलात? पर्याय चार पुरेत: कधीच नाही, एकदोनदा, दर आठवड्याला, जवळजवळ रोज. १२ जणांत ६६ जोड्या होतात. दोघांनीही ‘दर आठवड्याला’ किंवा जास्त म्हटलं असेल तरच जोडी धरा. अशा २० जोड्या निघाल्या तर घनता (शक्य जोड्यांपैकी खरोखर असलेल्यांचा वाटा) २० भागिले ६६, म्हणजे ०.३०. हा आकडा ३० जणांच्या टीमशी ताडून बघू नका. माणसं वाढली की घनता आपोआप उतरते.

बाहेरच्या पोचीसाठी प्रत्येकाकडून टीमबाहेरची पाचपर्यंत नावं आणि त्यांचे विभाग घ्या. एकच नाव पाच जणांनी दिलं तरी ते एकदाच मोजा. इथेच बहुतेकांचं गणित फुगतं. मग प्रत्येक विभागाचा वाटा काढून त्याचा वर्ग करा, बेरीज १ मधून वजा करा. २० नावांपैकी १८ एकाच विभागातली आणि २ दुसऱ्यातली असतील तर उत्तर ०.१८; तीन विभागांत १०, ५ आणि ५ अशी वाटणी असेल तर ०.६३. आकडा मोठा, तेवढी पोच रुंद. रेगन्स यांची मोजणी याहून किचकट आहे, पण १२ जणांना एवढी पुरते.

हे सर्वेक्षण निनावी होऊच शकत नाही, कारण नावांशिवाय जाळं निघत नाही. म्हणून कागद कोण बघणार ते आधी सांगा आणि अप्रेझलशी त्याचा संबंध नाही हे लेखी द्या. नाहीतर सगळे साहेबांचं नाव लिहून मोकळे होतील. दोघांनी जरी कागद दिला नाही तरी ६६ पैकी २१ जोड्या पडताळता येत नाहीत, त्यामुळे १० जणांवर निष्कर्ष काढायची घाई नको. व्हॉट्सअॅप ग्रुप आणि ईमेलच्या ‘सीसी’वरून जाळं काढण्याचा मोहही टाळा, त्यातून फक्त कोणाला कळवलं जातं ते दिसतं.

उत्तरांवरून कोण कोणाकडे जातं त्याचे बाण काढा. चित्र हाती आलं की सगळ्यांच्या बाणांच्या टोकाला जो दिसतो त्याला शाबासकी द्यायची घाई करू नका. कदाचित तोच अडथळा असेल: दहा जण त्याच्या टेबलापाशी थांबलेले आणि त्याचं स्वतःचं काम पडलेलं. त्याच्याकडचे ठरावीक प्रश्न दुसऱ्या कोणाकडे वळवा.

विरळ भागासाठी रोजची मीटिंग वाढवू नका. मीटिंगमध्ये बारा जण एकाचं ऐकतात, जोड्या बनत नाहीत. ज्या दोघांत रेघच नाही पण ज्यांची कामं एकमेकांवर अवलंबून आहेत, अशा तीनचार जोड्या निवडा आणि प्रत्येकीला दोघांनी मिळूनच संपवावं लागेल असं दोनतीन आठवड्यांचं काम द्या. सगळ्या ६६ जोड्या भरायच्या नाहीत. प्रत्येक संबंध सांभाळायला वेळ जातो आणि तो बाहेरच्या संपर्कातून कापला जातो. तीन महिन्यांनी तीच यादी, तेच प्रश्न घेऊन पुन्हा मोजा. मधे प्रश्नाची शब्दरचना बदललीत तर फरक टीममधला की प्रश्नातला, ते सांगता येणार नाही.