अंधुक दीर्घिकांमध्ये रेणूरूप वायू सापडतच नसेल, तर त्यावर पीएचडी करण्यात अर्थ आहे का?

आहे. ‘सापडतच नसेल’ हे शब्द खटकले, म्हणून लिहितेय. अंधुक दीर्घिका म्हणजे ज्यांच्या पृष्ठभागाची चमक फारच कमी असते त्या, आणि रेणूरूप वायू म्हणजे मुख्यतः हायड्रोजनचे रेणू.

थंड हायड्रोजनचा रेणू स्वतः जवळजवळ काहीच किरण सोडत नाही, म्हणून त्याची खूण म्हणून कार्बन मोनॉक्साइडची 2.6 मिलिमीटर तरंगलांबीची वर्णरेषा शोधतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. गोची तिथेच आहे. या दीर्घिकांत अणुरूप हायड्रोजन भरपूर असतो, 21 सेंटिमीटरच्या रेडिओ लहरींवर दिसतोही. पण जड मूलद्रव्यं (कार्बन, ऑक्सिजन वगैरे) आणि धूळ कमी. धूळ कमी म्हणजे रेणू जुळायला जागा कमी आणि अतिनील किरणांपासून आडोसाही कमी. त्यात कार्बन मोनॉक्साइड आधी फुटतो, हायड्रोजन रेणू जास्त टिकतो. खूण नाहीशी झाली म्हणून वायू नाही, असं होत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात एमएस्सीला मी याच विषयावर सेमिनार दिला. 1990 च्या दशकातले शोध रिकामे गेले, एवढं ऐकताच बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, “काही मिळालंच नाही, तर सांगायला काय आलीस?” मार्कही कापले. मी तिथल्या तिथे म्हटलं, “सर, आमच्या वावरात बोअर कोरडा गेला तेव्हा बाबांनी किती फुटांपर्यंत पाणी नाही ते लिहून ठेवलं. पुढचा बोअर त्यावरूनच ठरला.” त्यांना पटलं नाही. मला आजही पटतं. रिकाम्या निरीक्षणातून वायूची वरची मर्यादा मिळते आणि पुढच्याने दुर्बीण किती वेळ रोखायची ते कळतं. 2000 साली स्पेनमधल्या पिको वेलेटा पर्वतावरच्या 30 मीटर दुर्बिणीने अशा दीर्घिकेत पहिल्यांदा कार्बन मोनॉक्साइड पकडला. 2006 मध्ये खगोलशास्त्रज्ञ मौसमी दास आणि सहकाऱ्यांनी यूजीसी 6614 या अंधुक दीर्घिकेतही तो दाखवला.

आता, सापडला तो मुख्यतः मोठ्या दीर्घिकांत. लहान, विरळ दीर्घिकांत काम फार अवघड आहे, आणि तिथे कार्बन मोनॉक्साइडवरून हायड्रोजनचा हिशेब मांडणंही वादाचं आहे. पुणे जिल्ह्यातल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण इथे उपयोगी नाही, ती साधारण दीड गिगाहर्ट्झपर्यंतच ऐकते आणि ही रेषा 115 गिगाहर्ट्झवर आहे. परदेशी दुर्बिणीचा वेळ मागावा लागेल.

गाइड ठरवताना एकच विचारा: “काही दिसलं नाही, तर ते छापाल का?” उत्तर द्यायला अडखळले, तर दुसरा गाइड बघा.