सील दोनदा बदलला, तरी ठिबकतंच

(वाचकांची पत्रं आणि नाशिकच्या एका मिस्तरींची उत्तरं)

काका, माझी डिझेलची फोर बाय फोर पिकअप आहे, दीड लाख किलोमीटर झालीय. द्राक्षाचे क्रेट वाहतो. मागच्या हाऊसिंगच्या (मागच्या चाकांमधल्या लोखंडी डब्याच्या) तोंडाशी, जिथे जोर आणणारा लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, येऊन मिळतो तिथे, तेल गळतं. पावसाळ्यापासून तिथल्या पिनियनचा (शाफ्टला जोडलेल्या दातेरी दांड्याचा) ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, दोनदा बदलला. आठ दिवस कोरडं, की पुन्हा सुरू. शिवाय रिव्हर्स काढून पहिला टाकला की खालून 'टण्ण' वाजतं. आमचे मिस्तरी म्हणतात हाऊसिंगच उघडू. उघडू का? मळ्यात जायला नाला लागतो, म्हणून ही गाडी घेतली.
— एक बागायतदार, दिंडोरी तालुका

दादा, उघडू नका. तुमच्या पत्रातलं कामाचं वाक्य तुम्ही शेवटी लिहिलंय, नाल्याचं. मी तिथूनच सुरू करतो.

हाऊसिंग बंद डबा असतो. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर पळाली की आतलं तेल तापतं, हवा फुगते. तिला बाहेर पडायला वरच्या नळीवर बोटाच्या पेराएवढा ब्रीदर बसवलेला असतो. वर टोपी, आत बारीक भोक. नाल्यातला गाळ त्या टोपीत जाऊन वाळला की भोक बुजतं. मग फुगलेली हवा जाणार कुठे? जिथे रबर मऊ आहे तिथे, म्हणजे सीलच्या ओठातून, आणि जाताना तेल घेऊन. तुम्ही नवा सील बसवलात, तो बिचारा आठ दिवस तग धरतो.

उलटंही होतं. तापलेली हाऊसिंग गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. म्हणून ब्रीदर बुजलेल्या गाडीत तेल बाहेर येतं, पाणी आत जातं, दोन्ही एकाच कारणाने.

हे मला कुणी शिकवलं नाही. धंद्याला लागून चार-पाच वर्षं झाली होती, वणीकडच्या एका गाडीला मी तीन सील लावले. तिसऱ्या वेळी मालक काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत उभा राहिला. त्या नजरेने मी पुन्हा गाडीखाली शिरलो. ब्रीदर सोडवताच 'फुस्स' झालं, सायकलचा व्हॉल्व काढल्यासारखं. तारेने भोक मोकळं केलं, डिझेलमध्ये धुतला, परत लावला. चौथा सील लागलाच नाही.

तुम्हीही गाडी तापवून आणा, चाकांना दगड लावा आणि ब्रीदर हळूच सोडवा. फुस्स झालं तर चोर सापडला. टोपी हाताने फिरायला हवी, फुंकल्यावर हवा जायला हवी. नाला नेहमीचाच असेल तर ब्रीदरला रबरी नळी जोडून ती वर बॉडीपर्यंत चढवून घ्या. खर्च किरकोळ आहे.

मग तेल बघा. आधी वरचा, भरायचा बोल्ट सोडवा, नंतरच खालचा. लोक उलट करतात, तेल जमिनीवर ओतून मोकळे होतात, आणि मग वरचा गंजलेला बोल्ट हलत नाही. गाडी तिथेच. बोट आत घाला, तेल भोकाच्या काठाला लागायला हवं. रंग दुधाच्या चहासारखा निघाला तर पाणी शिरलंय, सगळं काढून नवं भरा. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच तेल घ्या. उरलेलं हाऊसिंगचं तेल गिअरबॉक्समध्ये ढकलू नका. त्यातल्या काही तेलांनी गिअरबॉक्सच्या पितळी रिंगा खराब होतात.

ब्रीदर मोकळा निघाला आणि तरी गळतंय, तर सील जिथे घासतो त्या फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट जोडायच्या चकतीच्या गळ्यावर, नख फिरवा. नख अडकलं म्हणजे खाच पडलीय. त्या खाचेवर देवाने सील बसवला तरी गळणार. फ्लँज बदला, नाहीतर त्यावर बारीक स्लीव्ह (धातूची पातळ नळी) चढवून मिळते.

आणि एक विचारून घ्या. सील बदलताना पिनियनचा नट काढला होता, तो परत किती आवळला? बऱ्याच हाऊसिंगमध्ये दोन बेअरिंगांच्या मध्ये दबणारी नळी असते, नट जास्त आवळला की ती जास्त दबते आणि बेअरिंगवर ताण येतो. काढण्याआधी खूण करून ठेवायची असते. एअर गनने घर्रकन आवळून मोकळं होणारे हात मी रोज बघतो. सील बदलल्यापासून गाडी 'ऊंऽऽ' करायला लागली असेल तर मला पुन्हा लिहा, मग मात्र हाऊसिंग उघडायची वेळ आलीय.

आता तो 'टण्ण'. सपाट जागा, चारही चाकांना दगड, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. खाली जाऊन शाफ्ट दोन्ही हातांनी धरून मागेपुढे पिळा. शाफ्ट किंचित फिरणारच, दात्यांमध्ये तेवढी जागा ठेवलेलीच असते. डोळा क्रॉसवर, म्हणजे शाफ्टच्या सांध्यातल्या फुलीसारख्या तुकड्यावर, ठेवा. क्रॉस आणि त्याला धरणारा कान यांच्यात केसाएवढीही हालचाल दिसली तर क्रॉस गेला. क्रॉसच्या टोकांवर बसलेल्या कपांच्या कडेला कुंकवासारखी तांबूस पूड दिसते का तेही बघा, ती आतल्या सुया कोरड्या पडून गंजल्याची खूण. अशी गाडी हळू चालवली की चिमणीसारखी चिवचिवते. क्रॉस ठीक असेल तर स्लिप जॉइंट (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा सांधा) कोरडा असेल, त्याला ग्रीस द्या, आणि क्रॉसलाही चारही कपांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत द्या. पुढच्या शाफ्टलाही. तो वर्षातून दहा दिवस लागतो म्हणून त्याला कुणी विचारत नाही. शाफ्ट उतरवलाच तर खडूने खूण करून जसाच्या तसा चढवा, नाहीतर एक दुखणं जाऊन थरथर हे नवं दुखणं लागेल.

काका, पेठहून येताना सावळ घाटात जोराचा पाऊस होता म्हणून बाबांनी फोर बाय फोर टाकलं, ते नाशिकला येईपर्यंत तसंच राहिलं. सोसायटीत गाडी वळवताना ती अडून अडून चालते, टायर किरकिरतात, आणि आता लिव्हरच निघत नाही. गिअरबॉक्स गेला का?
— एक विद्यार्थिनी, इंदिरानगर

नाही गं. वळताना पुढची चाकं मोठा फेर घेतात, मागची लहान. तुमच्या गाडीत पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधला जातो, मधे फरक सोसणारं काही नाही. चिखलात चाक घसरून तो फरक भागवतं. डांबर घसरू देत नाही, म्हणून सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टला जोर वाटणाऱ्या डब्यात, साठतो, ओलं दोरखंड पिळल्यासारखा. बाबांना म्हणावं, लिव्हरवर जोर काढू नका. गाडी सरळ रेषेत दहा-पंधरा फूट मागे घ्या, पीळ सुटतो आणि लिव्हर आपसूक निघते. नाहीच निघाली तर मातीवर नेऊन तेच करा. ओलं डांबर म्हणजे चिखल नव्हे, एवढं त्यांना माझ्या नावाने सांग. हीच सवय राहिली आणि ट्रान्सफर केसमध्ये साखळी असेल, तर ती ताणते आणि जोर दिल्यावर दात्यांवरून उडून 'कडाक्' वाजते. ते काम महाग आहे.

पिंपळगाव ते नाशिक हायवेला साठच्या वर विमानासारखा घुंऽऽ आवाज. टायर की बेअरिंग?
— एक चालक, पिंपळगाव बसवंत

मोकळा रस्ता बघून, त्याच वेगात गाडी किंचित उजवीकडे घ्या, मग किंचित डावीकडे. उजवीकडे घेतल्यावर वजन डाव्या चाकांवर येतं. तेव्हा आवाज वाढला तर डावीकडचं बेअरिंग, उलट असेल तर उजवीकडचं. वळण्याने फरक पडला नाही, पण डांबर बदललं की आवाज बदलतो, तर टायर. जाड गोट्यांचे चिखलाचे टायर असतील तर ते गाणारच, त्यांना औषध नाही.

सोबत डागाचा फोटो पाठवला आहे. कसलं तेल ते कळवावे.
— एक वाचक, ओझर

फोटोला वास नसतो हो. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवा, पुढच्या-मागच्या चाकांची खूण करा, सकाळी थेंब कुठे पडला ते बघा. मग बोटावर घ्या. काळं आणि जळकट असेल तर इंजिनचं. दाट असेल आणि द्राक्षाच्या भुरी रोगावर मारतात त्या गंधकाची आठवण करून देत असेल तर हाऊसिंगचं, नाहीतर गिअरचं. लाल आणि पातळ असेल तर बहुतेक पॉवर स्टीअरिंगचं. पाण्यासारखं पातळ पण बुळबुळीत, चाकाच्या आतल्या बाजूने ओघळलेलं असेल तर ब्रेकचं, आणि मग गाडी जिथे आहे तिथून हलवू नका, मिस्तरीला घरी बोलवा.

थेंब पडला तिथूनच गळतंय असं मात्र धरू नका. चालत्या गाडीत वाऱ्याने तेल मागे ओढलं जातं. सगळा तळ डिझेलने धुवा, कोरडा पुसा, अंगाला लावायची पावडर फुंकरून मारा, दहा किलोमीटर फिरून या. ओलसर रेघ जिथून सुरू होते तिथे बोट ठेवा.

एसी लावून उभी केली की डावीकडून स्वच्छ पाणी गळतं.
— एक वाचक, नाशिकरोड

एसीचंच पाणी आहे, गळू द्या. उन्हाळ्यात गळणं बंद झालं आणि पायाखालचं मॅट ओलं लागलं तर नळी तुंबली समजा. पाणी हिरवं किंवा गुलाबी दिसलं आणि वास गोडसर आला, तर ते कूलंट आहे. जीभ लावून बघू नका, विषारी असतं, आणि गल्लीतली कुत्री ते चाटतात. आधी बादलीभर पाणी ओतून जागा धुवा, मग गाडी दाखवायला आणा.