जोहान्सबर्गला राहायला चाललोय, तिथल्या रोजच्या भारनियमनाशी कसं जुळवून घ्यायचं?

मार्च 2024 पासून परिस्थिती खूप सुधारली आहे, भारनियमन आता रोजचं राहिलेलं नाही, तरी तयारी ठेवाच. 2023 मध्ये सहाव्या स्टेजला दिवसाला आठ-दहा तास वीज जायची.

स्टेज म्हणजे साधारण किती वीज कापणार ते: एक स्टेज म्हणजे 1000 मेगावॉट. आपल्या भागाचं वेळापत्रक ‘एस्कॉमसेपुश’ ॲपवर कळतं. ते पहिल्याच दिवशी टाका. भारनियमन असलं की वीज एकेका वेळी बहुधा दोन-अडीच तास जाते, त्यामुळे कुकर, इस्त्री, आंघोळीचं पाणी, सगळं त्याआधी उरकायची सवय लागते.

शेगड्या तिथे बऱ्याचदा विजेच्या असतात. म्हणून गॅसची छोटी शेगडी घ्या, निदान चहा आणि खिचडी तरी होते! वायफायच्या राउटरला छोटा यूपीएस लावा, कारण वारंवार वीज गेली की मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात. फ्रीजचं दार उघडू नका, बंद राहिलं तर आतलं चार तास टिकतं. वीज परत येताना दाब उसळतो, तेव्हा फ्रीज-टीव्हीचे प्लग आधीच काढून ठेवा.

घर भाड्याने घेताना मात्र एक नक्की विचारा: फाटक आणि अलार्मला बॅटरी आहे का? अंधारात गाडीतून उतरून हाताने फाटक उघडणं तिथे सुरक्षित नाही.